लुई पाश्चर आणि रेबीजची लस

लुई पाश्चर (२७ डिसेंबर १८२२ – २८ सप्टेंबर १८९५) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. रेबीज अर्थात अलर्क रोगावरील लस ही त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत गाजलेली कामगिरी होय. या संशोधनात प्रथम संरक्षण मिळाले ते माणसांना नव्हे, तर कुत्र्यांना.

पूर्वायुष्य

पाश्चर यांचा जन्म पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. बालपण आर्ब्वा येथे गेले. १८३१ साली त्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. तापवलेल्या लोखंडाने जखमा डागणे हाच तेव्हाचा उपाय होता, आणि त्या प्रसंगाचा आठ वर्षांच्या लुईवर खोल परिणाम झाला, असे चरित्रकार सांगतात. स्फटिक, किण्वन व रेशीमकिड्यांचे रोग यांवरील संशोधनाने त्यांना कीर्ती मिळाली. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली. तरी कोंबड्यांचा कॉलरा व गुरांचा काळपुळी रोग यांवरील लसी त्यानंतरच्याच आहेत.

कुत्र्यांवरील प्रयोग

रेबीजचे संशोधन १८८० च्या अखेरीस सुरू झाले. हा रोग सशांमध्ये संक्रमित करता येतो, हे ल्योंच्या पशुवैद्यकीय विद्यालयातील प्राध्यापक गाल्तिये यांनी आधीच दाखवले होते. त्यांचे श्रेय पुढे काहीसे झाकोळले गेले. रोगकारक सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हता, प्रयोगशाळेतील पोषक द्रवात वाढतही नव्हता. तेव्हा पाश्चर व त्यांचे सहकारी एमिल रू यांनी तो जिवंत प्राण्यांच्या मेंदूतच वाढवला. माकडांमधून क्रमाने संक्रमित केल्यावर त्याची तीव्रता घटली. असे सौम्य विष टोचलेले कुत्रे १८८४ मध्ये सरकारी समितीसमोर तपासले गेले. ते निरोगी राहिले. लस न दिलेल्यांपैकी अनेकांना रेबीज झाला.

माणसाला हा रोग मुख्यतः कुत्र्यापासून होतो, म्हणून कुत्र्यांनाच लस देणे हा सरळ मार्ग पाश्चर यांनाही दिसत होता. परंतु प्रत्येक कुत्र्याला अनेक टोचण्या लागत आणि देशभरातील कुत्र्यांसाठी तेवढी लस तयार करणे त्या काळी अशक्य होते. त्यामुळे त्यांनी दुसरी वाट धरली. चावल्यानंतर लक्षणे दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे जातात. त्या अवधीत लस देण्याचे त्यांनी ठरवले.

माणसांवरील उपचार

६ जुलै १८८५ रोजी अल्सेसमधील नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस देण्यास प्रारंभ झाला. पाश्चर वैद्य नसल्याने टोचण्या डॉ. ग्रांशे यांनी दिल्या. मुलगा वाचला. मात्र त्याच वर्षी, चावल्यानंतर ३७ दिवसांनी आणलेली लुईज पेलतिये ही मुलगी दगावली. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या अभ्यासून जेराल्ड गायसन यांनी १९९५ मध्ये दाखवले, की माइस्टरला दिलेली पद्धत तोवर कुत्र्यांवर पुरेशी पारखलेली नव्हती. यशामुळे हा धोका झाकला गेला, असे म्हणावे लागते.

पुढील काळ

१८८८ मध्ये पॅरिस येथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. पाश्चर यांची समाधी तेथेच आहे. भारतात १९०० साली कसौली येथे अशी संस्था निघाली. पाश्चर यांना सोडून द्यावी लागलेली कल्पना १९२१ मध्ये जपानच्या उमेनो व दोई यांनी उचलली आणि कुत्र्यांसाठी एकाच टोचणीची लस मांडली. आज पाळीव कुत्र्या-मांजरांना साधारण तीन महिन्यांच्या वयात पहिली मात्रा, वर्षभराने दुसरी व पुढे लसीच्या प्रकारानुसार वर्धक मात्रा दिल्या जातात. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण झाल्यास त्यांच्यातील प्रसार खंडित होतो, असे जागतिक आरोग्य संघटना मानते.