विश्लेषण : एकही कसोटी न खेळलेल्या देवधरांच्या नावाने करंडक कसा?

‘देवधर करंडक’ ही क्रिकेट स्पर्धा ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते प्रा. दिनकर बळवंत देवधर एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. तरीही त्यांना हा मान का मिळाला?

कसोटी का हुकली?
देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. एस. पी. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीच्या पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा फटकावल्या. मात्र, भारताला पहिली अधिकृत कसोटी मिळाली ती १९३२ मध्ये. तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते.

वय झाले म्हणून थांबले?
उलट, खरा बहर त्यानंतरचा. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. पुढे १९४४-४५ च्या हंगामात, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली.

निवृत्तीनंतर काय?
कसोटीची संधी स्वतःला कधी न मिळालेले देवधर राष्ट्रीय निवड समितीत बसून इतरांचा खेळ पारखू लागले. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद आणि ‘बीसीसीआय’चे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

करंडक कधीपासून?
विभागीय संघांची ही मर्यादित षटकांची स्पर्धा १९७३-७४ मध्ये सुरू झाली. देवधरांना १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वयामुळे हुकलेली कसोटी वयानेच अशी भरून दिली.