नाव बदलले, संघ टिकला : निकोलाय स्तारोस्तिन

आमच्या गोंदियाकडे तेंदूपत्ता आणि विडी यांवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. माझ्या घरचीही त्यांतलीच. म्हणून एका विख्यात फुटबॉल संघाला काही काळ तंबाखू कारखान्याचे नाव होते हे वाचले, तेव्हा त्या संघाविषयी आपुलकी वाटली. तो संघ म्हणजे मॉस्कोचा ‘स्पार्टाक’ आणि त्याचे शिल्पकार निकोलाय स्तारोस्तिन.

त्यांचा जन्म १९०२ साली मॉस्कोत झाला. वडील शिकाऱ्यांना रान दाखविण्याचे काम करीत. १९२० मध्ये ते टायफसने वारले आणि घराचा भार थोरल्या निकोलाय यांच्यावर आला. उन्हाळ्यात फुटबॉल व हिवाळ्यात बर्फावरील हॉकी खेळून त्यांनी भावंडांना पोसले.

१९२२ मध्ये प्रेस्न्या या कामगारवस्तीत त्यांचा संघ उभा राहिला. नाव ‘क्रास्नाया प्रेस्न्या’, म्हणजे लाल प्रेस्न्या. पण साम्यवादी राजवटीत संघाला कुठल्या तरी खात्याच्या, कामगार संघटनेच्या किंवा कारखान्याच्या आश्रयाने राहावे लागे. आश्रयदाता बदलला की नावही बदले. १९२६ मध्ये अन्नउद्योगातील कामगारांवरून ‘पिश्चेविकी’, नंतर सहकारी संस्थांवरून ‘प्रोमकोऑपेरात्सिया’, मध्येच तंबाखू कारखान्यावरून ‘दुकात’. अखेर १९३५ मध्ये, युवक संघटनेचे प्रमुख कोसारेव यांच्या पाठबळाने, रोमविरुद्ध बंड करणाऱ्या गुलामाचे नाव मिळाले : ‘स्पार्टाक’. सैन्याचा संघ वेगळा होता, पोलिसांचा ‘दिनामो’ वेगळा. सामान्य मॉस्कोकरांना स्पार्टाक आपला वाटू लागला.

हेच सत्तेला खुपले. १९३९ मध्ये कोसारेव यांना गोळी घालण्यात आली. त्याच वर्षी स्पार्टाकने उपांत्य सामन्यात तिब्लिसीच्या दिनामोला हरवून पुढे करंडकही जिंकला. तरी तो उपांत्य सामना पुन्हा खेळविण्यात आला! गुप्त पोलिसांचे प्रमुख बेरिया हे दिनामोचे कैवारी होते. स्पार्टाक पुन्हा ३-२ असा जिंकला.

मार्च १९४२ मध्ये निकोलाय व त्यांचे तिन्ही भाऊ पकडले गेले. बेरियांचा राग हेच कारण, असे ते पुढे मानत. भांडवलदारी खेळाची स्तुती केल्याच्या आरोपावरून दहा वर्षांची शिक्षा झाली. परंतु श्रमछावण्यांचे अधिकारीसुद्धा फुटबॉलचे वेडे होते. त्यांनी या कैद्यालाच आपल्या संघांचा प्रशिक्षक केले! ज्या खेळाने तुरुंग दाखविला, त्याच खेळाने त्यांना जगविले.

१९५३ मध्ये स्टालिन वारले आणि सुटकेची वाट मोकळी झाली. १९५५ मध्ये स्तारोस्तिन पुन्हा स्पार्टाकचे प्रमुख झाले आणि थोडा काळ वगळता १९९२ पर्यंत त्यांनी संघ सांभाळला. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले ती १९९१ मध्येच संपली होती. स्पार्टाक मात्र आजही खेळतो.

मित्रहो, १९९९ मध्ये आपला जिल्हाही भंडाऱ्याचा गोंदिया झाला. माणसे आणि माती तीच राहिली. पाटी कोणाची लावायची हे सत्ता ठरविते. पाटीखाली उभे राहणारे हटले नाहीत, तर संघ त्यांचाच राहतो. स्तारोस्तिन यांच्या चरित्रातून मी एवढे शिकलो.

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष