सावकाराने हात आखडला की शेतकरी कुठे जातो? धनंजयराव गाडगीळांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला

गोंदियात एखाद्याच्या मोबाइलवर मेसेज येतो. क्रेडिट कार्डाची लिमिट एक लाख होती, ती आता चाळीस हजार. हप्ता चुकलेला नसतो, चेक परत गेलेला नसतो. तरी बँकेने हात आखडता घेतलेला असतो. कारण काय, तर बाजार मंदावलाय आणि बँकेला धोका दिसतोय.

२००८ च्या जागतिक मंदीत हे झालं, २०२० मध्ये कोरोनाच्या काळातही झालं. गंमत अशी की माणसाला उधारीची गरज सगळ्यात जास्त असते, नेमकी तेव्हाच ती मिळेनाशी होते. बँका आल्या, कार्डं आली, पण हा स्वभाव जुनाच आहे. नव्वद वर्षांपूर्वी याच भागातल्या धानाच्या शेतकऱ्यावर हीच वेळ आली होती. तेव्हा मेसेज येत नव्हता. सावकार ओट्यावर बसून नाही म्हणायचा, एवढाच फरक.

या प्रश्नाचा पिच्छा ज्या माणसाने आयुष्यभर पुरवला, त्याचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. पण शाळा झाली नागपूरला. म्हणजे वाढीची वर्षं विदर्भात गेली. तिथून ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी प्रबंध लिहिला तो भारतातल्या उद्योगांच्या वाटचालीवर. १९२४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, तेव्हा गाडगीळांचं वय होतं फक्त २३. पुढे कित्येक वर्षं अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते पुस्तक वाचलं.

भारतात परतल्यावर थोडे दिवस सरकारी नोकरी झाली. मग १९२५ पासून सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे ते प्राचार्य होते. तेवढ्यात साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी मोठी देणगी दिली आणि ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. पहिले संचालक म्हणून गाडगीळांना बोलावलं गेलं. पुढची ३५ हून जास्त वर्षं ते तिथेच राहिले.

आता १९३० हे साल नीट लक्षात ठेवा. अमेरिकेतला शेअर बाजार १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळला होता आणि त्याची झळ आपल्या गावागावांत पोहोचत होती. संस्था सुरू झाली तीच मंदीच्या तोंडावर.

भाव अर्धा, कर्ज पूर्ण

त्या मंदीत शेतकऱ्याचं नेमकं काय झालं, ते एका साध्या हिशोबाने कळतं.

समजा, शेतकऱ्याने सावकाराकडून शंभर रुपये घेतले, तेव्हा धानाचा भाव होता चार रुपये मण. म्हणजे कर्ज फेडायला २५ मण धान पुरेसं होतं. मग भाव आला दोन रुपयांवर. कर्ज शंभरच राहिलं, पण फेडायला लागणार ५० मण. शेत तेवढंच, पीक तेवढंच आणि कर्ज मात्र न घेता दुप्पट झालेलं. मंदीच्या त्या तीन-चार वर्षांत शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले होते, त्यामुळे हा हिशोब नुसता कागदावरचा नव्हता.

सावकाराची बाजूही बघा. त्याचे पैसे अडकले. तारण ठेवलेल्या जमिनीची किंमत उतरली. त्याने जुनी वसुली लावली आणि नवं कर्ज थांबवलं. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे नाहीत, घरात लग्न निघालं तर पैसे नाहीत. आजच्या भाषेत सांगायचं तर लिमिट कापली गेली आणि थकबाकी एकदम मागितली गेली.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा जिल्हा मध्य प्रांतात. धान, विडी आणि रेल्वे जंक्शन यांवर चालणारा हा भाग. मध्य प्रांत सरकारने १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. सावकार आणि कुळ यांना मंडळासमोर समोरासमोर बसवायचं, कर्ज फेडता येईल एवढ्यावर आणायचं आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी ती पद्धत. देशातला या प्रकारचा हा अगदी सुरुवातीचा कायदा. लगेच १९३४ मध्ये सावकारीवर नियंत्रण आणणारा कायदाही आला.

जुन्या कर्जाचं ओझं यामुळे हलकं झालं, पण नवीन गाठ पडली. कर्जावर कात्री लागू शकते म्हटल्यावर सावकार आणखी जपून देऊ लागला. जुनं कर्ज कमी झालेला शेतकरी पुढच्या हंगामासाठी कुणाकडे जाणार? कायद्याने सावकाराचा हात धरला होता, पण दुसरा देणारा हात तयारच नव्हता.

आधी मोजा, मग बोला

त्या काळी शेतीवर भाषणं देणारे पुष्कळ होते. गाडगीळांनी मोजायला सुरुवात केली. १९३३ मध्ये पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी छापली. बागेतून निघालेल्या फळाचा पैसा वाटेत कुणाकुणाच्या खिशात जातो, याचा तो शोध होता. मग वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली. पुणे शहराची घरोघर पाहणी झाली. शेतकरी आळशी आहे किंवा उधळ्या आहे, असं म्हणून मोकळं होण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. घरात येतं किती आणि जातं किती, हे आता आकड्यांत दिसत होतं.

या कामामुळे १९४४ मध्ये सरकारने शेतीच्या अर्थपुरवठ्यावर एक समिती नेमली, तेव्हा अध्यक्षपद गाडगीळांकडे आलं. पुढच्या वर्षी अहवाल आला. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. एक, शेतकऱ्याचं जुनं कर्ज त्याच्या ऐपतीत बसेल इतकं खाली आणायचं आणि ते सावकाराच्या मर्जीवर सोडायचं नाही. दोन, पुढचं कर्ज देणारी यंत्रणा उभी करायची. सहकारी संस्था पुऱ्या पडत असतील तर त्या, नाहीतर प्रांताचं स्वतंत्र शेतीकर्ज महामंडळ.

मध्य प्रांतात सुटली नव्हती ती गाठ इथे सुटत होती. नुसती सूट देऊन भागत नाही, नुसतं कर्ज देऊनही भागत नाही. दोन्ही एकदम हवं.

शंभरातले तीन रुपये

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करायचं ठरवलं. ए. डी. गोरवाला अध्यक्ष आणि गाडगीळ सदस्य. ७५ जिल्हे, ६०० गावं आणि सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. अहवाल १९५४ मध्ये आला आणि त्यातल्या आकड्यांनी दिल्लीची झोप उडाली.

शेतकरी घेत असलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जात सुमारे ७० रुपये सावकारांचे होते. सहकारी संस्थांचे फक्त तीन. सरकारचेही साधारण तेवढेच. व्यापारी बँकांचा वाटा तर एक रुपयासुद्धा नव्हता.

सहकाराचा कायदा १९०४ चा. पन्नास वर्षं झाली होती आणि हाती आले होते शंभरातले तीन रुपये. इथे कुणी सहकार गुंडाळून टाका म्हणालं असतं. समितीने उलट सांगितलं. सहकार आजवर फसला हे मान्य, पण गावापर्यंत पोहोचणारा दुसरा रस्ता नाही, म्हणून तो ताकद देऊन उभा करा. सरकारने भागभांडवल घालावं. कर्ज जमिनीच्या तारणाऐवजी उभ्या पिकाच्या अंदाजावर द्यावं. कर्ज, गोदाम आणि विक्री एकमेकांना जोडावी, म्हणजे सुगीला भाव पडलेला असताना शेतकऱ्याला घाईने माल विकावा लागणार नाही.

याच अहवालाच्या शिफारशीवरून इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली, १ जुलै १९५५ रोजी. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायची जबाबदारी तिच्यावर टाकली गेली.

गाडगीळ नुसते अहवाल लिहीत बसले नाहीत. अहमदनगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढत होते. शेतकऱ्यांना कारखाना चालवता येईल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. केंब्रिजला शिकलेले गाडगीळ विखे पाटलांच्या बाजूने उभे राहिले आणि सुरुवातीच्या काळात प्रवरा कारखान्याचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. शेतकऱ्यांच्या मालकीचा देशातला हा पहिला यशस्वी साखर कारखाना. पुढे महाराष्ट्रभर जे सहकारी कारखाने उभे राहिले, त्यांना हा नमुना मिळाला.

प्रत्येक जिल्ह्याला एक बँक

१९६६ मध्ये गाडगीळ राज्यसभेवर नियुक्त झाले, त्याच सुमारास पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९६७ मध्ये त्यांना नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद मिळालं. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं सूत्र त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना गाडगीळ माहीत असतात ते बहुतेक याच सूत्रामुळे.

पण सामान्य माणसाच्या जास्त जवळचं काम वेगळंच आहे. १९६८ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला गेला. बँका शहरात दाटीने बसल्या आहेत आणि खेडी कोरडी आहेत, यावर उपाय सांगायचा होता. त्याचं काम चालू असतानाच, १९ जुलै १९६९ रोजी, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. ऑक्टोबरमध्ये गटाचा अहवाल आला. त्यात सुचवलं होतं की जिल्हा हा एकक धरा आणि त्या जिल्ह्याची कर्जाची गरज बघून आराखडा करा.

यातूनच डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक बँक पुढारी म्हणून नेमायची. कुठे शाखा नाही, कुणाला कर्ज मिळत नाही, हे तिने बघायचं आणि बाकीच्या बँकांना सोबत घ्यायचं.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आज या जिल्ह्याची अग्रणी बँक आहे बँक ऑफ इंडिया. पीककर्जाचं उद्दिष्ट किती, वाटप किती झालं, कोणती बँक मागे पडली, याच्या बैठका दर वर्षी होतात. बातमीत अग्रणी बँक हा शब्द आला की त्याच्या मुळाशी गाडगीळांचा तो अहवाल असतो.

नियोजन आयोगाचं पद सोडल्यावर थोड्याच दिवसांत, ३ मे १९७१ रोजी, गाडगीळ गेले. वय ७० वर्षं.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही सुटला. सहकारी संस्थांवर गावातल्या बड्या घरांनी कब्जा केला, ही तक्रार जुनीच आहे. विदर्भात नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा बँका गेल्या दशकात अडचणीत आल्या, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला पुन्हा सावकाराचा ओटा आठवला. म्हणजे संस्था काढून भागत नाही, ती नीट चालवावी लागते.

पण एक फरक पडला. १९३० मध्ये सावकाराने नाही म्हटलं की विषय संपायचा. आज निदान विचारायला जागा आहे.

क्रेडिट कार्डाचंच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लिमिट कमी केली तर बँकेने ग्राहकाला कळवावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या उधारीसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. अशी उधारी बँकेला महाग पडली की ती हात आखडते, त्यामुळे लिमिट कापली जाण्यात दर वेळी ग्राहकाचीच चूक असते असं नाही.

मात्र लिमिट कापल्याचा फटका हिशोबात बसतो. एक लाखाच्या लिमिटवर तीस हजार वापरले असतील तर वापर ३० टक्के. लिमिट चाळीस हजारांवर आली की तेच तीस हजार ७५ टक्के होतात आणि क्रेडिट स्कोअर घसरू शकतो. एक रुपया जास्त खर्च न करता. धानाचा भाव निम्म्यावर आल्यावर शंभराचं कर्ज जसं न घेता दुप्पट झालं होतं, तसंच हे.

अशा वेळी कार्डावरची थकबाकी आधी खाली आणायची, किमान रक्कम भरून व्याज वाढू द्यायचं नाही आणि कमी व्याजाचा दुसरा रस्ता शोधायचा. शेतकऱ्यासाठी तो रस्ता १९९८ पासूनचं किसान क्रेडिट कार्ड. त्याची लिमिट पीक कोणतं, क्षेत्र किती आणि जिल्ह्याने ठरवलेला पीककर्जाचा दर काय, यावर बसते. घरखर्च आणि शेतीच्या देखभालीचा वाटा त्यात धरलेला असतो. वेळेवर फेडलं तर व्याजात सवलत मिळते, म्हणून तारीख चुकवायची नाही. नाकारलं तर शाखेला कारण विचारायचं आणि तरी हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जायचं.

पीक बघून कर्ज द्या, जिल्हा बघून बँक द्या, असं गाडगीळ सांगत राहिले. गोंदियाचा शेतकरी आज धानाच्या बांधीवर उभा राहून लिमिट विचारतो, तेव्हा त्याला गाडगीळांचं नाव माहीत नसेलही. पण सावकाराने ओट्यावरून उठवल्यावर जायला दुसरं दार असावं, यासाठी हा माणूस चाळीस वर्षं झटला होता. ते दार उघडं ठेवणं हे आता त्याच्यानंतरच्यांचं काम आहे.