थॅडियस स्टीव्हन्स

मुलांनो, अब्राहम लिंकन यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. त्यांच्याच काळात अमेरिकेत आणखी एक वकील गुलामगिरीविरुद्ध झगडत होते. त्यांचे नाव थॅडियस स्टीव्हन्स.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. जन्मापासूनच त्यांचा एक पाय अधू होता. वडील घर सोडून गेले आणि चार मुलांचा भार एकट्या आईवर पडला. मुलांना शिकता यावे म्हणून ती शाळा असलेल्या गावी राहायला गेली. तिने काबाडकष्ट केले. स्टीव्हन्स १८१४ साली पदवीधर झाले. मग पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली, कायद्याचा अभ्यास केला आणि गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली. हाती पैसा आल्यावर त्यांनी आईला शेत व गाई घेऊन दिल्या.

१८२१ सालचा एक खटला मात्र तुम्हांला सांगितलाच पाहिजे. चॅरिटी बटलर नावाची गुलाम स्त्री स्वतःच्या व मुलांच्या सुटकेसाठी न्यायालयात गेली होती. स्टीव्हन्स कोणाच्या बाजूने उभे राहिले असतील? मालकाच्या! ते खटला जिंकले आणि ती माउली गुलामगिरीतच राहिली. थोरांच्या चरित्रात अशी गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही. पण ती घडली आहे. पुढे मात्र पळून आलेल्या गुलामांचे खटले त्यांनी फी न घेता लढवले.

१८३४ साली पेनसिल्व्हेनियात मोफत शाळांचा कायदा झाला. त्याआधी फुकट शिकायचे तर आईबापांना आपण गरीब असल्याचे जाहीर करावे लागे. या लाजेपायी कित्येक जण मुलांना शाळेतच पाठवीत नसत. पण शाळांसाठी कर द्यावा लागणार म्हणून लोक चिडले. कायदा रद्द होण्याची वेळ आली. स्टीव्हन्स यांच्या मतदारांनाही तो नको होता. तरीही ११ एप्रिल १८३५ रोजी ते विधिमंडळात कायद्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या भाषणाने सभासदांची मते पालटली आणि शाळा वाचल्या.

पुढे ते अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली; त्यासाठी ते झटले होते. मुक्त झालेल्यांना जमीन द्यावी, हा त्यांचा आग्रह मात्र संसदेने मानला नाही.

११ ऑगस्ट १८६८ रोजी ते वारले. त्या काळी बहुतेक दफनभूमींत काळ्या लोकांना जागा देत नसत. म्हणून त्यांनी लँकेस्टर शहरातील एक लहानशी दफनभूमी आधीच निवडून ठेवली होती. तिथे सर्वांना जागा होती. हे कारण त्यांनी आपल्या कबरीच्या दगडावर कोरून घेतले आहे.