नॉर्बर्ट वीनर: यंत्राला ध्येय देण्याआधी विचार करा, असं सांगणारा माणूस

दिवाळीत मी सिरोंच्याला घरी गेलो होतो. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर धाकटा चुलतभाऊ अजून रील्स बघत होता. त्याला ओरडणार होतो, पण गप्प बसलो. मी काम करतो तिथे आम्हीच अल्गोरिदमला सांगून ठेवलंय की माणूस अ‍ॅपवर जास्तीत जास्त वेळ थांबला पाहिजे. त्याच्या झोपेबद्दल काहीच सांगितलेलं नाही.

तेव्हा मला नॉर्बर्ट वीनर आठवले.

त्यांचा जन्म १८९४ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. चौदाव्या वर्षी पदवी आणि अठराव्या वर्षी हार्वर्डमधून तत्त्वज्ञानात पीएचडी! पुढे केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याकडे शिकले आणि १९१९ पासून एमआयटीत गणित शिकवू लागले. आपले दामोदर कोसंबी हार्वर्डला होते, तेव्हा दोघांची ओळख झाली.

दुसऱ्या महायुद्धात वीनर विमानविरोधी तोफांच्या नेमावर काम करत होते. विमान पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, चूक मोजायची, अंदाज सुधारायचा. हाच फीडबॅक. त्यावर १९४८ मध्ये त्यांचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आलं. तुमचं रील्सचं फीडसुद्धा अशाच चक्रावर चालतं: तुम्ही थांबलात की नोंद होते आणि पुढे तसलंच काहीतरी येतं.

पण अणुबॉम्बनंतर ते बदलले. क्षेपणास्त्राच्या कामासाठी त्यांचा जुना अहवाल मागणाऱ्याला त्यांनी सरळ नकार दिला. तो नकार १९४७ मध्ये मासिकात छापूनही आला. १९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून कळवलं की स्वयंचलित यंत्रं कामगारांच्या पोटावर पाय आणतील.

१९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते. १९६० च्या ‘सायन्स’मधल्या लेखात त्यांनी खरी मेख दाखवली. यंत्र आपल्यापेक्षा वेगाने काम करतं. चूक लक्षात येईपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. म्हणून ध्येय देतानाच आपल्याला नेमकं काय हवंय हे तपासायला हवं.

१९६४ मध्ये स्टॉकहोमला ते वारले. तेव्हा स्मार्टफोन कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

सुट्टीवरून परतल्यावर मी मीटिंगमध्ये एकच विचारलं: रात्री बारानंतरचा वेळ आपण यश म्हणून का मोजतो? कोणी उत्तर दिलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा विचारणार आहे.