बहिष्कृत उपदेशक यान हुस

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात ताबोर नावाचे एक गाव आहे. तेथील जुन्या नगरभवनात हुसपंथी चळवळीचे वस्तुसंग्रहालय आहे. तेथे सांगितली जाणारी गोष्ट एखाद्या राजाची किंवा सम्राटाची नाही. धान्य झोडपण्याच्या दांड्याला खिळे ठोकून ज्यांनी त्याचे हत्यार केले, मालवाहू गाड्या साखळीने बांधून ज्यांनी त्यांचा किल्ला केला आणि त्या बळावर सम्राटाच्या व पोपच्या फौजा परतवून लावल्या, त्या शेतकऱ्यांची आणि कारागिरांची ती गोष्ट आहे. हे गाव त्यांनी १४२० साली वसवले. पण ज्याच्या नावाने ते ओळखले गेले, तो माणूस त्याआधी पाच वर्षे जिवंत जाळला गेला होता. त्याने आयुष्यात तलवार हाती धरली नाही. त्याचे नाव यान हुस. इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे तो जॉन हस या नावाने आला.

हुसचा जन्म १३७० च्या सुमारास बोहेमियातील हुसिनेत्स या खेड्यात झाला. गावाच्या नावावरूनच त्याचे नाव पडले. चेक भाषेत हुसा म्हणजे हंसाच्या जातीचे पाळीव बदक. त्यामुळे पुढे त्याचे शत्रू त्याला या नावावरून हिणवत आणि तोही आपल्या पत्रांतून स्वतःची थट्टा करी. घर गरीब होते. विद्यार्थिदशेतील उपासमारीची आठवण त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. वाटाणे खायला चमचा नसे, म्हणून भाकरीच्या तुकड्याचाच चमचा करायचा आणि वाटाणे संपले की तो चमचाही खाऊन टाकायचा! गरिबाघरच्या हुशार मुलाला तेव्हा वर चढायला एकच शिडी होती, ती म्हणजे धर्मगुरूची नोकरी. आपण या वाटेला लागलो ते चांगले खायला-ल्यायला मिळावे आणि लोकांनी मान द्यावा म्हणून, हेही हुसने पुढे न लपवता कबूल केले आहे.

१३९३ साली तो प्राग विद्यापीठाचा पदवीधर झाला. १३९६ साली त्याने वरची पदवी मिळवली आणि तेथेच शिकवू लागला. १४०० साली त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पोटापाण्याचा प्रश्न सुटला होता. येथे थांबला असता तर त्याचे नाव कोणाला ठाऊकही झाले नसते.

पण शिकलेल्या माणसाला वाचनाची खोड असते. इंग्लंडमधील विचारवंत जॉन विक्लिफ १३८४ साली वारला होता. बोहेमियाची राजकन्या ॲन हिचा १३८२ साली इंग्लंडच्या राजाशी विवाह झाला, तेव्हापासून दोन्ही देशांत जाणे-येणे वाढले. ऑक्सफर्डला गेलेल्या चेक विद्यार्थ्यांनी विक्लिफचे ग्रंथ प्रागला आणले. छपाई तेव्हा युरोपात नव्हती. १३९८ साली हुसने विक्लिफचे काही ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरवून काढले. धर्मगुरूचा अधिकार त्याच्या झग्यात आहे की त्याच्या आचरणात? हा प्रश्न त्याच्या मनात रुजला, तो कायमचा.

त्या काळी बोहेमियातील जमिनीचा फार मोठा हिस्सा चर्चच्या मालकीचा होता. धर्मपदे पैसे मोजून विकत घेतली जात. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक, प्रत्येक ठिकाणी गरिबाला हात खिशात घालावा लागे. प्रार्थना चाले लॅटिनमध्ये. समोर बसलेल्याला त्यातले अक्षरही कळत नसे. आणि वर? १३७८ पासून पोपच दोन होते, एक रोममध्ये आणि एक आव्हिन्योंत. दोघेही एकमेकांना शाप देत होते. १४०९ साली पिसा येथे हा तंटा मिटवायला परिषद भरली आणि तिने तिसरा पोप निवडला!

प्राग शहरात बेथलेहेम नावाचे प्रार्थनामंदिर होते. लोकांना त्यांच्याच भाषेत उपदेश मिळावा, या एकाच हेतूने ते १३९१ साली स्थापन झाले होते. सुमारे तीन हजार माणसे तेथे मावत. १४०२ साली हुस तेथील उपदेशक झाला. सुतार, लोहार, मोलकरणी, विद्यार्थी यांची तेथे रीघ लागली. राणी सोफियाही ऐकायला येऊ लागली. हुस साध्या चेक भाषेत बोलत असे. लोकांकडून चेक गीते म्हणवून घेत असे. भिंतींवर त्याने धर्मातील चुका दाखवणारा मजकूर लिहवून घेतला. चेक भाषेतील एका उच्चारासाठी तेव्हा दोन-दोन, तीन-तीन अक्षरे जोडावी लागत. त्याऐवजी अक्षरावर टिंब किंवा रेघ द्यावी, अशी सोपी रीत सुचवणारी एक छोटी पुस्तिका त्याच काळात लिहिली गेली. परंपरेने ती हुसचीच मानली जाते. आजची चेक लिपी त्याच रीतीतून वाढलेली आहे. लोकांना वाचता आले पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. ज्याला वाचता येते त्याला फसवणे अवघड जाते.

हुसला देव बनवण्याचे कारण नाही. १४०९ साली राजा वेन्सेस्लास चौथा याने प्राग विद्यापीठात चेकांना तीन मते आणि बाकी साऱ्यांना मिळून एक मत दिले. हुस या निर्णयाच्या बाजूने होता. त्यामुळे जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने निघून गेले आणि त्यांनी लाइपझिगचे विद्यापीठ स्थापन केले. हुस प्रागचा कुलगुरू झाला, पण त्याच्या शत्रूंची संख्या एका दिवसात वाढली.

१४१० साली प्रागच्या आर्चबिशपने विक्लिफचे ग्रंथ गोळा करून जाळले. पुस्तके जाळून त्यातले विचार जळत नसतात, ही साधी गोष्ट त्याला कळली नाही. हुसने उपदेश थांबवला नाही, म्हणून त्याला बहिष्कृत करण्यात आले. तरीही राजा त्याच्या पाठीशी होता. ही पाठराखण संपली ती पैशापायी. १४११ साली तेवीसावा जॉन या नावाच्या पोपने नेपल्सच्या राजाविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच्या खर्चासाठी पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकायला काढल्या. १४१२ साली प्रागमध्ये पेट्या मांडल्या गेल्या. पैसे टाका, पाप धुऊन निघेल! या विक्रीत राजाचाही वाटा होता. हुस उभा राहिला. क्षमा ही विकण्याची वस्तू नाही आणि ख्रिस्ताच्या नावाने माणसे मारण्यासाठी पैसा गोळा करण्याचा अधिकार पोपला नाही, हे त्याने उघडपणे मांडले. जुलै महिन्यात तीन तरुणांनी प्रार्थनेच्या वेळी या विक्रीचा निषेध केला. त्यांची मुंडकी उडवण्यात आली. लोकांनी त्यांची प्रेते बेथलेहेममध्ये आणून पुरली.

यानंतर हुसवर कडक बहिष्कार आला. त्याला कोणी अन्न देऊ नये, आसरा देऊ नये, असा हुकूम निघाला. तो जेथे राहील त्या गावात प्रार्थना बंद, लग्ने बंद, अंत्यविधी बंद. एका माणसासाठी सारे शहर वेठीला धरण्याची ही युक्ती होती. आपल्यामुळे लोकांचे हाल नकोत म्हणून १४१२ च्या शरद ऋतूत हुसने प्राग सोडले.

बहिष्काराने त्याचे तोंड बंद होईल असे वाटले होते. घडले उलटे. दक्षिणेत कोझी ह्रादेक नावाच्या लहानशा गढीत त्याने आसरा घेतला आणि शेतांत, झाडाखाली, जत्रेत, जेथे माणसे जमतील तेथे तो बोलू लागला. विद्यापीठाच्या भिंतींत अडकलेला विचार बांधावर आला. चर्च म्हणजे काय यावरचा लॅटिन ग्रंथ आणि धर्मपदांच्या बाजारावरचे चेक पुस्तक त्याने याच अज्ञातवासात, १४१३ साली लिहिले. आणि वाचकहो, ही गढी ताबोर पुढे जेथे वसले तेथून जवळच आहे. ज्या मुलुखातल्या शेतकऱ्यांनी त्याला बांधावर उभे राहून ऐकले, त्याच मुलुखात ते गाव उभे राहिले.

१४१४ साली तीन पोपांचा घोळ मिटवण्यासाठी कॉन्स्टन्स येथे धर्मपरिषद बोलावली गेली. सम्राटपदाचा मानकरी सिगिस्मुंड याने हुसला अभयपत्र देऊ केले. आपले म्हणणे साऱ्या जगापुढे मांडता येईल, या आशेने हुस ऑक्टोबरात निघाला. निघताना त्याने आपल्या एका शिष्याकडे मोहोरबंद पत्र ठेवले. माझ्या मृत्यूची खात्री झाल्यावरच ते उघडावे, असे सांगितले. त्यात त्याने आपल्या उणिवा कबूल केल्या होत्या. तरुणपणी बुद्धिबळात वेळ दवडला, उंची झग्यांची हौस केली, अशा त्या कबुल्या. परतण्याची खात्री नव्हती, तरी तो गेला.

३ नोव्हेंबरला तो पोचला आणि २८ नोव्हेंबरला त्याला अटक झाली. पाखंड्याला दिलेला शब्द पाळण्याचे बंधन नाही, असा युक्तिवाद धर्मपंडितांनी केला. सरोवराकाठच्या मठात शौचकुपाशेजारच्या कोठडीत त्याला ठेवले. तेथे तो मरणाच्या दारी पोचला. पुढे एका किल्ल्यात तो बेड्यांत पडला. तरीही पहारेकऱ्यांनी विचारले तेव्हा त्यांच्यासाठी त्याने छोट्या पुस्तिका लिहून दिल्या. कैदेतही त्याची शाळा सुटली नाही! ज्या पोपच्या चिठ्ठ्यांवरून हे सारे पेटले, त्या तेवीसाव्या जॉनला याच परिषदेने मे १४१५ मध्ये गैरवर्तनाबद्दल पदावरून काढले. तरी हुसची सुटका झाली नाही.

जून महिन्यात तीन दिवस सुनावणी झाली. वाद करायला आलेल्या माणसाला बोलूच दिले नाही. त्याची मागणी एकच होती : माझी चूक धर्मग्रंथाच्या आधारे दाखवा, मी ती त्याच क्षणी सोडतो. परिषदेची मागणीही एकच होती : आधी शरण ये. त्याच्या नावावर अशी वाक्ये लादली होती जी त्याने कधी लिहिली वा उच्चारली नव्हती. मी जे म्हटलेच नाही ते मागे घेतो असे म्हणणे हे खोटे बोलणे होईल, हा त्याचा पेच होता. परिषदेतल्या काहींनी समजूत घातली की, एक सही कर आणि जीव वाचव, पाप आमच्या माथी. पण ज्यांना आपण इतकी वर्षे सत्य सांगितले, त्यांना उद्या काय तोंड दाखवू, हा प्रश्न त्याला मरणाहून मोठा वाटला.

६ जुलै १४१५. कॉन्स्टन्सच्या कॅथेड्रलमध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली. आपण ईश्वराच्या त्रिमूर्तीतील चौथी व्यक्ती आहोत असे तो म्हणतो, असाही एक हास्यास्पद आरोप त्या दिवशी वाचला गेला. धर्मगुरूची वस्त्रे त्याच्या अंगावर चढवून एकेक करून उतरवली. डोक्यावर सैतानांची चित्रे काढलेला कागदी मुकुट घातला. चितेपाशी पुन्हा एकदा विचारले, मागे घेतोस का? त्याने नकार दिला आणि गीत म्हणत तो ज्वाळांत गेला. कोणी आठवण म्हणून काही उचलू नये यासाठी त्याची राखही ऱ्हाइन नदीत टाकली.

राख वाहून गेली, माणसे उरली. सप्टेंबरात बोहेमिया आणि मोराविया येथील ४५२ सरदारांनी परिषदेला निषेधाचे पत्र धाडले. प्रभुभोजनातला द्राक्षारसाचा प्याला तोवर फक्त धर्मगुरूच ओठांना लावत असे. साध्या माणसाला केवळ भाकर मिळे. तो प्याला सर्वांना देण्याची प्रथा हुसच्या सहकाऱ्यांनी प्रागमध्ये १४१४ साली सुरू केली होती आणि हुसने कैदेतून तिला मान्यता दिली होती. आता तो प्याला बंडाचे निशाण झाला. ताबोरच्या लोकांनी आरंभी आपला पैसा एकाच पेटीत टाकला आणि एकमेकांना भाऊ-बहीण म्हटले. १४२० ते १४३१ या काळात त्यांच्यावर पाच धर्मयुद्धे लादली गेली आणि पाचही परतवली गेली. पण तेही रक्तपातापासून दूर राहिले नाहीत. शेवटी १४३४ साली लिपानीच्या रणात आपल्याच मवाळ भावंडांच्या हातून ताबोरकर मोडले. १४३६ साली प्याल्याचा हक्क तडजोडीने मान्य झाला.

१५१९ साली मार्टिन ल्यूथरने लाइपझिगच्या वादात हुसची काही मते खरी ख्रिस्ती असल्याचे जाहीर केले. १६२० नंतर बोहेमियात हुसची आठवण दडपली गेली, तरी १९१५ साली प्रागच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. ६ जुलै हा आज तेथे सुटीचा दिवस आहे. १९९९ साली पोप दुसरा जॉन पॉल याने हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये ५८४ वर्षे गेली होती.

हुसने नवा धर्म काढला नाही. मरेपर्यंत तो स्वतःला चर्चचाच मानत होता. त्याने मागितले ते इतकेच, की मला पटवून द्या. ज्या व्यवस्थेकडे पटवून देण्यासारखे काही उरत नाही, ती लाकडे गोळा करते. भाकरीचा चमचा करून शिकलेल्या त्या मुलाने विद्येचे मोल जाणले होते. म्हणून खोटी सही करण्यासाठी त्याचा हात उठला नाही.