डॉ. ना. भा. खरे : मुख्यमंत्री कोणाला जबाबदार?

मंत्रिमंडळाचा प्रमुख विधिमंडळाला जबाबदार असतो, की ज्या पक्षाने त्याला त्या जागी बसवले त्या पक्षाच्या श्रेष्ठींना? या प्रश्नाने जुलै १९३८ मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे राजकारण हादरवून सोडले. त्याची झळ ज्यांना सर्वांत अधिक लागली, ते डॉ. नारायण भास्कर खरे हे व्यवसायाने वैद्य होते.

१८८४ साली पनवेल येथे जन्मलेल्या खऱ्यांनी लाहोरला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि नागपुरात आपला जम बसवला. काँग्रेसच्या चळवळीतून ते प्रांतिक कायदेमंडळात व पुढे मध्यवर्ती विधिसभेत गेले. १९३५ च्या कायद्यानुसार निवडणुका झाल्यावर १९३७ साली प्रांताची सूत्रे त्यांच्या हाती आली.

परंतु हे मंत्रिमंडळ एकजीव कधीच नव्हते. एकीकडे मराठी भाषक नागपूर-वऱ्हाड, दुसरीकडे हिंदी भाषक महाकोशल. पं. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांच्याशी खऱ्यांचे पटेना. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट झाला. तो दोन महिनेही टिकला नाही. जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे व देशमुख हे सहकारी त्यांच्यामागे गेले. महाकोशलच्या तिघांनी मात्र पक्षाच्या आदेशावाचून पद सोडण्यास नकार दिला. गव्हर्नरांनी त्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. त्यात अग्निभोज या दलित सदस्याचा समावेश होता. काँग्रेसश्रेष्ठींनी वर्ध्याला बोलावून अवघ्या काही दिवसांत खऱ्यांना पायउतार व्हावयास लावले. शुक्ल नेतेपदी आले. पुढे या प्रकरणाची दखल डॉ. आंबेडकरांनीही आपल्या १९४५ च्या ग्रंथात घेतली.

आपले सहकारी निवडण्याचा मुख्यमंत्र्याचा अधिकार खऱ्यांनी मांडला, यात तत्त्वतः गैर काही नव्हते. तथापि परकीय सत्तेच्या गव्हर्नराच्या हातून तो बजावून घेणे हे त्या काळी लोकमताला रुचणे अशक्य होते. रोगाचे निदान अचूक, पण उपाययोजना चुकलेली, असाच हा प्रकार झाला.

पुढचा मार्ग त्यांना काँग्रेसपासून दूर दूर घेऊन गेला. १९४३ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे असताना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी धोरणाविरुद्ध भारताने कठोर पावले उचलली, ही गोष्ट विसरता येत नाही. त्याचप्रमाणे १९४७ साली ते अलवर संस्थानचे दिवाण असताना तेथील मेव मुसलमानांवर जे अत्याचार झाले, तेही विसरता येत नाहीत. गांधीहत्येनंतर त्यांना त्या पदावरून दूर व्हावे लागले. पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले आणि ग्वाल्हेरहून लोकसभेत गेले. १९७० साली त्यांचे निधन झाले.

मनुष्य म्हणून त्यांचे मूल्यमापन कोणी कसेही करो. त्यांनी उभा केलेला प्रश्न त्यांच्याबरोबर गेलेला नाही. स्वतंत्र भारतातही मुख्यमंत्र्यांची नावे विधिमंडळ पक्षाच्या बैठकीआधीच दिल्लीत ठरताना अनेकदा दिसली. ज्या ज्या वेळी असे होते, त्या त्या वेळी वर्ध्याच्या त्या बैठकीची आठवण होणे अपरिहार्य आहे.